अर्जदार बनसोडे विरुद्ध न्यूझीलंड

लातूर,
२२ मे २०१६
(बुद्धपौर्णिमेचा दुसरा दिवस. खीर काल झाली, पातेलं अजून धुवायचं आहे.)

आदरणीय निवृत्तीदादा यांस,

व्यंकटी मारोती बनसोडे याचा लातूरहून वाकून जयभीम. केवळावहिनींनाही माझा जयभीम सांगावा. विनंती विशेष असं लिहायची पद्धत आहे, पण माझ्याकडं सध्या विशेष म्हणावं असं दुःखाशिवाय काही नाही, तेव्हा तेच लिहितो.

तुमचा गुडघा कसा आहे? कानाची मशीन बसवली की अजून कपाटातच आहे? वहिनी गोळ्या वेळेवर घेतात का? विष्णुपुरीचं धरण तळाला गेलं असं पेपरात वाचलं, पण तळाला का होईना, तुमच्याकडं धरणात पाणी आहे. आमच्या धरणात लोक मोटारसायकली चालवून राहिलेत. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण तुम्हाला ऐकू कमी येतं आणि ओरडून सांगितलेली निराशा भांडणासारखी वाटते. मागच्या वेळी मी तुमच्याशी दारात उभं राहून बोललो तर शेजारपाजारचे आठ-दहा जण गोळा झाले. आमच्या दारासमोरच पाण्याची टाकी, आणि टाकीपाशी पाचजणांनी जमायला यंदा सरकारची बंदी. पोलीस आला आणि त्यानं मला फोन ठेवायला लावला. म्हणून पत्र. काही मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे तुम्ही निवांत वाचाल.

आमची मेस मार्चातच बंद पडली, ते तुम्हाला ठाऊक आहे. अठरा वर्षं चालवली. बारावीची, डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेली साठ पोरं दोन वेळा जेवायची आणि पाणी नाही म्हणून वसतिगृहांनी एका आठवड्यात सगळ्यांना गावी धाडली. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, साऱ्या देशानं टीव्हीवर बघितलं, पण पोरं काही रेल्वेनं परत आली नाहीत. तुमची बहीण चांगुणा रोज संध्याकाळी साठ ताटं मांडणीवरून काढते, कोरड्या फडक्यानं पुसते आणि परत लावते. मी म्हणालो, कशाला? तर म्हणते, सवय मोडू नये. मला ते बघवत नव्हतं, म्हणून मी बाहेर बसायचो. आणि बाहेर बसलेल्या माणसाला फोन येतात.

फोन सिद्धलिंगचा होता. निलंग्याकडचा, दहा वर्षांपूर्वी आमच्याकडं जेवायला होता, आता न्यूझीलंडला नोकरीत आहे. (जेवायला असताना चार भाकरी खायचा आणि पाचवी खिशात घालायचा, तोच.) तो म्हणाला, "काका, इकडं आपल्याकडची लई पोरं शिकायला हायत. ब्रेड खाऊन राहिलेत बिचारी. तुमी हितं मेस टाका. अन् पाऊस तर काय विचारू नका, अर्धं वर्ष पडतंय." दादा, मला त्यातलं फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं. ज्या देशात अर्धं वर्ष पाऊस पडतो तिथं भांडी घासायला कसलं कोडं? मी त्याच दिवशी ठरवलं. चांगुणाला सांगितलं तर ती म्हणाली, "जावा की. मी पोरांची वाट बघते." तिला वाटलं मी आमच्या गावी मुरुडला चाललोय.

दुसऱ्या देशात धंदा टाकायचा तर उद्योजकाचा म्हणून वेगळा व्हिसा असतो, आणि तो वकिलाशिवाय मिळत नाही, असं मला तिघांनी सांगितलं. (तिघांपैकी एकालाही व्हिसा मिळालेला नव्हता, हे मी नंतर विचारलं.) लातुरात वकील काय कमी आहेत? पण गुरुद्वाऱ्याच्या निमित्तानं नांदेडला कॅनडा-इंग्लंडची माणसं येतात, तेव्हा तिथल्या वकिलाला परदेशाची माहिती असणार, असा मी विचार केला आणि एस्टीत बसलो. रेणुकादास वकील स्वभावानं सज्जन, बोलणं मऊ, आणि परदेशाच्या बाबतीत माझ्याइतकेच कोरे निघाले. पण पाटीवर 'भाडेकरार, वारसा, सातबारा दुरुस्ती व व्हिसा' असं लिहिलेलं होतं आणि मी पाटीवर विश्वास ठेवणारा माणूस आहे. त्यांनी मला चहा पाजला, पाणी मात्र विचारलं नाही. लातूरचा माणूस समोर आला की नांदेडला हल्ली तांब्या आत नेऊन ठेवतात.

तिकडचं सगळं गुणांवर चालतं, दादा. वयाला गुण, अनुभवाला गुण, भांडवलाला गुण, आणि एकशेवीस झाले तर पास. ज्या गल्लीत अठरा वर्षं मी पोरांना 'अर्धा मार्क कुठं गेला' म्हणून रडताना बघितलं, त्याच गल्लीत पंचेचाळिसाव्या वर्षी मी बोटं मोजत बसलो. वय झालेलं, त्यामुळं तिथं गळती. शहर सोडून लहान गावात धंदा टाकला तर चाळीस गुण जास्त मिळतात म्हणे. मी मुरुड सोडून लातूरला आलो तेव्हा उलटं केलं होतं, आणि तेव्हा गुण द्यायलाही कुणी नव्हतं. एवढं करून वकीलसाहेबांच्या हिशेबानं एकशेपाच झाले. उरलेले पंधरा धंद्यातल्या नवेपणाचे. त्यांनी पेन उघडून विचारलं, "बनसोडे, तुमच्या मेसमध्ये नवीन काय आहे?" मी खरं ते सांगितलं: वरण, भात, भाकरी, एक भाजी, बुधवारी अंडं. त्यांनी पेन बंद केलं.

मग निघता निघता मी सहज म्हणालो की पोरं होती तोवर आम्ही साठ ताटं दोन बादल्यांत धुवायचो. ते परत बसले. तुम्ही आमच्याकडं दोन वर्षांत जेवला नाहीत म्हणून तुम्हालाही सांगतो. टंचाई सुरू झाली तेव्हा आमच्या मेसमध्ये एक नियम झाला. प्रत्येक पोरानं शेवटचा चतकोर भाकरीचा राखून ठेवायचा, त्यानं ताट पुसायचं आणि तो चतकोर खायचा. काठापासून सुरू करून गोल गोल मधे यायचं. मग ताट घेऊन चांगुणापुढं उभं राहायचं. ताटात तिला तिचं तोंड दिसलं तर ताक मिळायचं, नाही दिसलं तर परत खाली बसायचं. नंतर त्या ताटाला कोरडी राख, मग फडकं, आणि शेवटी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात एक बुडी. आठवडाभर पोरांनी कुरकुर केली आणि मग त्यांच्यात चढाओढ लागली. लातुरात शिकायला आलेली पोरं, त्यांना नंबर लावायला काहीही चालतं. (मी स्वतः जेवून ताटातच हात धुतो. पण मी घरचा माणूस, आणि माझं ताटही वेगळं आहे, मिक्सरवर फुकट आलेलं. तेव्हा ते या हिशेबात धरू नये.)

रेणुकादास वकिलांचे डोळे भरून आले, असं मी म्हणणार नाही, पण चष्मा त्यांनी पुसला. त्यांनी लिहिलं: 'खाद्य माध्यमातून जलविरहित भांडी-स्वच्छता.' आणि मला म्हणाले, हे नवीन आहे. मला त्या दिवशी एस्टीत खिडकीची जागा मिळाली, आणि मला वाटलं आता सगळं जुळत चाललंय. तेवढाच एक दिवस तसं वाटलं.

आठ दिवसांनी अर्ज तयार झाला. वकीलसाहेबांनी आयुष्यभर दिवाणी दावे लिहिलेले, त्यांचा हात दुसरीकडं वळतच नाही. अर्ज इंग्रजीत होता, तो त्यांनी मला मराठीत वाचून दाखवला. वर मधोमध: अर्जदार, व्यंकटी मारोती बनसोडे, वय ४५, धंदा मेस. खाली: विरुद्ध. त्याच्या खाली: न्यूझीलंड. कलम एक, अर्जदाराचे व न्यूझीलंडचे यापूर्वी कोणतेही वैर नाही. कलम चार, दाव्यास कारण नळास पाणी न आल्याने लातूर मुक्कामी घडले. आणि शेवटी, अर्जाचा संपूर्ण खर्च न्यूझीलंडवर बसवावा. ऐकताना मला घाम फुटला, कारण आमच्या घराण्यात आजवर शेजाऱ्यावरसुद्धा कुणी दावा टाकलेला नाही, आणि मी एकदम देशावर टाकला होता. पण मला वाटलं पद्धत असेल. मी सही केली.

तिकडच्या कायद्याप्रमाणं हे काम तिकडच्या परवान्याच्या सल्लागारानं नाहीतर तिकडच्या वकिलानंच करावं लागतं, हे सिद्धलिंगनं सगळं झाल्यावर सांगितलं. त्यानं हेलन नावाच्या एक वकीलबाई शोधल्या आणि आमचे कागद त्यांना दिले. बाईंचं उत्तर फार नम्र होतं. तुमच्या अशिलाची आमच्या देशाविरुद्ध नेमकी काय तक्रार आहे, ती कळवल्यास मिटवता येईल का बघते, असं त्यांनी लिहिलं होतं. रेणुकादास वकील दोन दिवस ऑफिसात आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आले ते बाईंचा दुसरा कागद घेऊन. तुमचा अशील, त्यात लिहिलं होतं, नक्की कुठं जन्मला? दादा, मी मुरुडला जन्मलो. एकाहत्तर साली. मुरुड तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, तेव्हा जन्माच्या दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद. ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. मी पाचवीत होतो. गुरुजींनी शाळेत पेढे वाटले आणि आम्हाला वह्यांवरचं उस्मानाबाद खोडून लातूर लिहायला लावलं. ते इतके आनंदात होते की त्यांनी शाळेच्या रजिस्टरातही खोडून लिहिलं. तेव्हा माझ्या टी.सी.वर जन्मस्थळ मुरुड, जिल्हा लातूर. म्हणजे जिल्हा जन्मायच्या अकरा वर्षं आधी मी त्यात जन्मलो. बाईंना शंका येणारच. मी एकच माणूस आहे आणि मुरुडही एकच आहे असा दाखला मागायला कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी दोन्ही कागद उजेडात धरून बघितले आणि म्हणाले, "तुम्ही हाललात का जिल्हा हालला, हे आम्ही कसं सांगावं?" मी म्हणालो, जिल्हा हालला. ते म्हणाले, तसं लिहून देणारा शासन निर्णय आणा. पुढं असंही म्हणाले की आता उदगीर वेगळं निघणार अशी बोलवा आहे, तेव्हा थोडं थांबा, जे काय फुटायचं ते फुटून जाऊ द्या, एकदम दाखला देतो. मी तिथल्या बाकावर बसून राहिलो. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मी कुठूनच निघू शकत नाही, कारण मी कुठं आहे हेच कुणाला मान्य नाही.

पण खरा घाव पुढं बसला. हेलनबाईंनी कळवलं की प्रकरण हाती घ्यायच्या आधी मला अशिलाशी बोलायचंय, समोरासमोर, फोनच्या पडद्यावर, आणि ती ताट पुसायची रीत मला बघायची आहे. त्यांचे दुपारचे साडेबारा म्हणजे आपले पहाटेचे सहा. वकीलसाहेब म्हणाले, पुरावा म्हणून एक ताट आणा. मी मांडणीवरून ताट काढलं तर चांगुणा उठून उभी राहिली. ती म्हणाली, "ताट एकटं जाणार न्हाई." अठरा वर्षांत तिनं एकही ताट हरवलेलं नाही, आणि गल्लीतल्या लग्नाला दिलं तरी ती त्याच्यामागं जाते. म्हणून ताट, भाकरी, फडक्यात बांधलेला पिठल्याचा डबा आणि तुमची बहीण असे सगळे आम्ही आदल्या दिवशीच नांदेडला गेलो. (तुमच्याकडं उतरलो नाही त्याचा राग मानू नये. ती म्हणाली, काय काम म्हणून सांगायचं?)

सहा वाजता पडद्यावर हेलनबाई आल्या. पांढरे केस, गोड तोंड, आणि त्यांच्या मागच्या खिडकीत धो धो पाऊस. माझं निम्मं लक्ष त्या खिडकीकडंच. सिद्धलिंग त्यांच्या शेजारी बसून इकडचं तिकडं सांगत होता. बाई म्हणाल्या, दाखवा. मी ताटात पिठलं घेतलं, चतकोर उचलला आणि पुसायला लागलो. दादा, मी मधून सुरुवात केली. ते पिठलं काठावर गेलं, काठावरून माझ्या शर्टावर गेलं, तिथून वकीलसाहेबांच्या टेबलावरच्या एका वारसाच्या फायलीवर गेलं. मी आणखी जोरात पुसलं. चांगुणा कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. तिला ते बघवेना. ती उठली, माझ्या हातातून ताट घेतलं, काठाकडून फिरवत अर्ध्या मिनिटात पुसलं, चतकोर तोंडात टाकला आणि ताट पडद्यापुढं धरलं. न्यूझीलंडच्या बाईंना त्यात आपलं तोंड दिसलं का ते मला सांगता येत नाही, पण त्या खुर्ची ओढून पडद्याजवळ आल्या.

मग त्यांनी एक कागद काढला. रेणुकादास वकिलांनी मालमत्तेचा पुरावा म्हणून साठही ताटांचे फोटो काढायला लावले होते, आणि त्यांच्यावर जे काय कोरलंय त्याचं शपथेवर भाषांतर करून पाठवलं होतं. साठ ओळींचं भाषांतर. एक, चांगुणा. दोन, चांगुणा. तीन, चांगुणा. साठाव्या ओळीपर्यंत तेच. बाईंनी विचारलं, या धंद्याची सगळी मालमत्ता ज्या चांगुणा नावाच्या व्यक्तीची आहे ती व्यक्ती कोण? आता भांड्यावर नाव घालायची आपली रीत त्या बाईंना काय सांगणार? अठ्ठ्याण्णव साली ताटं घेतली तेव्हा भांडेवाल्यानं मशीन हातात धरून विचारलं, कुणाचं नाव टाकू? मीच सांगितलं, हिचं टाका. कारण ताटं गल्लीत लग्नाबारशाला जाणार, आणि व्यंकटीच्या नावाचं ताट कुणी परत आणून देणार नाही. चांगुणाच्या नावाचं मात्र सकाळी दारात. मी हुशारी केली होती, दादा. माझ्या स्वतःच्या ताटावर तर कुणाचंच नाव नाही.

बाई मग माझ्याशी बोलल्याच नाहीत. नियम कुणी काढला, कसा काढला, ताक का, सगळं त्यांनी चांगुणाला विचारलं. आणि ती अठरा वर्षं पोरांचं पाठांतर ऐकून कानात बसलेल्या इंग्रजीत सरळ त्यांना म्हणाली, "प्लेट क्लीन, देन ताक. नॉट क्लीन, नो ताक." सिद्धलिंगला मधे पडायची गरजच लागली नाही. हेलनबाई पोट धरून हसल्या, आणि मग चष्मा लावून निकाल दिल्यासारखं म्हणाल्या: धंदा या बाईंचा, कल्पना या बाईंची, वयाचे गुणही यांना जास्त, अर्ज यांच्याच नावानं करा, मी घेते. कागदांचंही तसंच. तिचा जन्म नायगावकडचा, आणि तुमचा नांदेड जिल्हा तिच्या जन्मापासून जागचा हललेला नाही. पासपोर्टही तुम्ही मागं श्रीलंकेच्या यात्रेसाठी काढून दिलेला, यात्रा राहिली पण पासपोर्ट राहिला. (इंग्रजीची लेखी परीक्षा अजून व्हायची आहे. तिनं माळ्यावरची पोरांची पुस्तकं खाली काढली आहेत.) मी विचारलं, आणि मी? रेणुकादास वकिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "अहो बनसोडे, तुम्ही सोबत जाणारे जोडीदार." फायलीवर आता माझं नाव दुसऱ्या पानावर आहे. 'विरुद्ध' मात्र काढलं.

इथवरही मी सोसलं असतं. पण सोबत्याला न्यायचं तर नातं खरं आणि टिकाऊ आहे, याचा पुरावा लागतो. बावीस वर्षांच्या संसाराचा पुरावा शोधायला मी चार दिवस घर उलथंपालथं केलं. लग्नाचा एकच फोटो, त्यात माझे डोळे मिटलेले. चांगुणा समोर बघतेय, तुम्ही तिच्या मागं उभे आहात, आणि मी झोपल्यासारखा. एकमेकांना लिहिलेली पत्रं मागतात. आम्ही एकमेकांपासून लांब कधी गेलोच नाही, तर पत्र कशाला लिहिणार? बँकेचं खातं तिचं, बचत गटाचं. गॅस तिच्या नावावर. तुम्ही दिलेल्या हंड्यावर 'चांगुणास दादाकडून'. रेशनकार्डावर मी कुटुंबप्रमुख आहे, ते दाखवलं, तर हेलनबाई म्हणतात त्यानं रेशन सिद्ध होतं. दादा, हसू नका. रिकाम्या मेसमध्ये त्या साठ ताटांसमोर बसून मी विचार केला की या घरात बावीस वर्षं मी होतो हे कशावरून? मंडईतून भाजी मी आणायचो, टँकरच्या रांगेत मी उभा राहायचो, पोरांच्या बापांशी मी बोलायचो. पण भाजी शिजली, पाणी संपलं, पोरं गेली. माझ्या हातचं काही शिल्लक नाही. मला फार वाईट वाटलं, आणि ते सांगायला दुसरं कुणी नाही.

आणि आता शेवटचं. एका कागदावर अर्जदारानं सही करायची असते, की या माणसाला मी सोबत नेते. तो कागद बारा दिवस झाले मांडणीवर ताटांखाली दाबून ठेवला आहे. मी रोज बघतो. सही नाही. विचारलं तर म्हणते, विचार करून सांगते. कारण विचारलं तर माझ्याकडं बघते आणि भाकऱ्या थापायला लागते. तिच्या मनात काय आहे ते मला खरोखर ठाऊक नाही. मी निघालो होतो पावसाच्या देशात, तिला मागाहून बोलावून घेणार होतो. आता ती जाणार आणि मी इथं, दोन जिल्ह्यांत जन्मलेला, टाकीकडं बघत बसणार, असं दिसतंय. दादा, मला भीती वाटते, आणि ती न्यूझीलंडची नाही.

जास्त काय लिहू? तुम्ही थोर आहात. गुडघा जपावा, मशीन कानात घालावी, वहिनींना गोड कमी द्यावं.

तुमचा,
व्यंकटी

ता. क. – काही मागायला लिहीत नाही असं वर म्हणालो आहे, आणि ते खरंच आहे. फक्त एवढंच, की शंभराच्या स्टँपवर एक प्रतिज्ञापत्र करून पाठवावं: तुम्ही निवृत्ती सोनकांबळे, चांगुणाचे थोरले भाऊ, लग्नाला स्वतः हजर होतात, आणि नवरदेव मीच होतो. रेणुकादास वकील नोटरी करून देतील. त्यात कुणाच्याही विरुद्ध काही नसेल असं त्यांनी कबूल केलं आहे.

ता. क. दुसरा – तुमच्या अल्बमात लग्नाचा एखादा फोटो असला ज्यात माझे डोळे उघडे आहेत, तर तोही पाठवावा. आणि एकदा येऊन तिची समजूत घाला. तुमचं ती ऐकते. मी पत्र लिहिलं हे तिला सांगू नका.

ता. क. तिसरा – दादा, मी चांगुणा. पाकीट चिकटवायला माझ्याचकडं दिलं, म्हणून वाचलं. ह्यांनी लिवलं ते बरंचसं खरं हाय. पण सही का अडली ते ह्यांना चांगलं ठाव हाय. बारा दिवस झाले, मी रोज सांगून राहिले. लोकांच्या साठ पोरांनी चतकोरानं ताटं पुसली, अन् हे अजून दोन तांबे पाणी ताटात ओतून हात धुऊन राहिलेत. मला त्या बाईपुढं लई लाज वाटली. तू स्टँपचा कागद करू नको, उगं गुडघा घेऊन कुठं फिरतू. काल मी ह्यांचं ते मिक्सरवरचं ताट घेऊन भांड्याच्या दुकानात गेले अन् नाव टाकून आणलं. 'व्यंकटी.' दुकानदार म्हणला अजून जागा हाय, म्हणून खाली 'चांगुणाकडून' असं बी टाकलं. सिद्धलिंगकडनं हेलनबाईला फोटो धाडला. ती म्हणली, हे ठेवते फायलीत. जायचं का न्हाई ते जूनात पोरं येत्यात का बघून ठरवू. पोरं आली तर कुठं जाते मी. गेले तर दोघं जाऊ, एकटी जायला मला काय याड लागलंय? पण सही अजून केली न्हाई. हे पाकीट पोस्टात टाकून आले की जेवायला बसतील. पिठलं केलंय, भाकरीसंगं त्याच ताटात वाढून झाकून ठेवलंया. नाव मी मधोमध टाकून घेतलंय, पुसल्याबिगर वाचता येत न्हाई. ते दिसलं की सही करते.